त्याच झाडाला दुसरा घड

क्यांप, अरुणाचल
९ जून २०२४

तेजे,

आशीर्वाद, खुशाली, सगळं वरचं वर समजून घे. आठवीत मला पत्रलेखनाला दहापैकी दोन मार्क होते, आणि ते बी बाईंनी अक्षराची दया येऊन दिलते.

पोचलोय. डोंगर पोखरून बोगदा काढायलेत, त्यातला राडारोडा ओढायच्या जेसीबीवर हेल्पर हाय. ऑपरेटर जेवायला गेला की दांडा माझ्या हातात. रेंज अजिबात न्हाय. रेशनचा ट्रक आठवड्यातनं एकदा खाली जातो, त्याच्या ड्रायव्हरला पत्र द्यायचं आणि त्यानंच आलेलं आणायचं. म्हणून हे जुन्या माणसागत लिहीत बसलोय.

इथं सुरुंग फुटतोय, मशीन बोंबलतंय, तरी मला बरं वाटतंय. कारण हे थांबतंय तरी. मागाचा खडखडाट थांबत न्हवता गं. कानात अजून इचलकरंजी वाजतीया.

आता मुद्द्याचं. मी निघालो त्या दिवशी आबा दारात काय म्हणालते, आठवतंय न्हवं? "पन्हाळ्यावर कपबश्या विसळल्यास, टेम्पोवर क्लिनर झालास, मागावर कांड्या भरल्यास. तुझ्या पायाला भिंगरी हाय. विहिरीकडचा तुकडा तुझा, पण त्यात वर्षभर काय तरी उभं करून दाखव. मग नावावर करतो." दादा तिथंच तोंड धुत होता. तू चहा घेऊन उभी होतीस. म्हणजे साक्षीदार हाय.

तर त्यात केळ लावायची. इथं मेसमधी रोट्या लाटणारा एक बंडूभाऊ हाय, जळगावकडचा, रावेरचा. त्याच्या गावात दार उघडलं की केळ. तो म्हणतो नवशिक्यानं केळच लावावी, कारण उसासारखं मुकं पीक न्हाय. पाणी कमी पडलं की पान मिटून घेतंय, लई झालं की पिवळं पडतंय. बघणाऱ्याला कळतंय.

त्यानं सांगितलेलं लिहितो, नीट वाच. खड्डे आधी काढून उन्हात तापू द्यायला पाहिजे होते, पण आता पाऊस डोक्यावर आलाय, तर जेवढं जमंल तेवढं. खड्डा दीड फूट. खाली कुजकं शेणखत आणि निंबोळी पेंड. दोन्ही हात पसरून उभी राहा, एवढं अंतर दोन झाडांत सोड. शेजारच्या शालूबाईच्या न्हाणीमागं केळीचं बेट हाय, तिथली पिलं माग. तलवारीगत निमुळत्या पानाची घ्यायची. रुंद पानाची लई गोंडस दिसत्यात, पण ती नुसती दिसायलाच. आणि पिल काढताना पहारीनं खालचा कंद संगट आला पाहिजे. नुसतं वरचं उपटलंस तर आठवडाभर हिरवं दिसंल आणि मग मरंल.

घड उतरायला वर्ष लागतंय, आणि बोगदा बी तवाच फुटणार म्हणत्यात. बोगदा फुटला की मी आलो. आणि ह्या बारीला आलो की परत कुठं जाणार न्हाय. हे दादाला सांगू नको, हसंल.

तुझा,
सम्राट

•

मळ्यातनं
३ जुलै २०२४

अण्णा,

पाकीट उघडलं तर डिझेलचा वास. आबा म्हणाले, "आलं बघ त्याचं, न वाचता कळतंय."

तुझी केळ लागली! पण आधी माझी फजिती ऐक. तू एवढं लिहूनसुद्धा मी शालूबाईंच्या बेटातनं चांगली जाडजूड, रुंद पानांचीच पिलं काढून आणली. ती निमुळती बघवेनात रे, कुपोषित पोरासारखी. शालूबाई नळावर भांडी घासत होत्या, त्यांनी बघितलं आणि भांडं खाली ठेवून हसल्या. "अगं बाई, नवरा तरी असा निवडू नको म्हंजे झालं!" मग परत गेले आणि निमुळती काढली. पहिलं पिल वरच्यावर तुटलं. दुसऱ्याला पहार खोल घातली तेव्हा खालचा कंद आला, नवलकोलाएवढा, पांढरा. शालूबाईंकडची पुरेनात म्हणून बाकीची रोपं नर्सरीतनं आणली.

हाताला फोड आलेत. केळीचा चीक अंगावर उडून माझा पिवळा ड्रेस काळा झाला. साबण लावला, लिंबू लावलं, रॉकेल लावलं, जात नाही. तू आल्यावर नवीन घेऊन द्यायचास, हे आत्ताच लिहून ठेवते.

आबा आले, बांधावर उभे राहिले आणि गेले. पण संध्याकाळी बघते तर स्वतः फावडं घेऊन सरीचं पाणी तिकडं वळवत होते. दादा विहिरीच्या कट्ट्यावर बसून फोनवर बोलत होता. त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं. तुला माहीतच आहे तो.

दोन रोपं गोगलगायींनी खाल्ली. रोज सकाळी जाऊन वेचून टाकते. एका झाडाला नवीन पान सुटलंय, सुरळी केलेल्या कागदासारखं. दुपारी गेले तर अर्धं उलगडलेलं. मी तिथंच बसून राहिले, उलगडताना दिसेल म्हणून. दिसत नाही रे, आपण बघत असलो की ते थांबतं.

तेजस्वी

•

क्यांप
२८ जुलै २०२४

तेजे, नाद खुळा!

तुझं पत्र मी मेसमधी मोठ्यांदा वाचलं. चिकाचं वाचल्यावर बंडूभाऊनं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाला, "ही खरी शेतकरीण आहे भो. अंगाला चीक लागल्याबिगर केळ लागत नाही." मी कॉलर ताठ केली. ओरिसाचा एक पोरगा हाय, त्याला मराठी कळत न्हाय, पण तो बी टाळ्या वाजवाय लागला.

आता पुढचं. झाडाच्या बुडाला नवी पिलं फुटतील. ती बघून हरकू नको. विळ्यानं कापत राहायची, मातीच्या बरोबरीनं. न्हाय तर पोरं आईचं दूध पळवत्यात आणि घड बारका येतोय. पहिलं केळफूल दिसलं की मग एकच पिल ठेवायचं, धडधाकट बघून, तेच पुढच्या वर्षीचं झाड. बुडाला मातीची भर दे. पश्चिमेच्या बांधाला शेवरी टोक, वारं अडवाय.

ड्रेस घेणार. कसला पाहिजेल ते लिही.

मी इथं दगडाचा ढीग ओढत असलो तरी डोळ्याम्होरं तीच सुरळी असती. ऑपरेटर म्हणतो, "कुठं बघतोयस रे?" काय सांगू त्याला. पयल्यांदाच असं झालंय तेजे, की जिथं हाय तिथनं पळून जायचं डोक्यात न्हाय, कुठंतरी पोचायचं हाय.

सम्राट

•

मळा
१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय सम्राटअण्णा,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. कॉलेजच्या परीक्षा, मग पाहुणेरावळे, वेळच मिळाला नाही.

तुझी बाग अतिशय छान आहे. झाडं उंच वाढली आहेत, पानं हिरवीगार आहेत आणि वाऱ्यावर डोलतात. बघून मन प्रसन्न होतं. येणारे-जाणारे थांबून कौतुक करतात. तू सांगितल्याप्रमाणे सगळं करत आहे. काळजी करू नकोस, आणि मधेच काम सोडून येण्याची घाई करू नकोस. आता येऊन तू करणार तरी काय? झाडं आपली वाढतच आहेत.

एक बातमी. माझं स्थळ जुळत आलं आहे. कबनूरचे आहेत. मुलाचं नाव यशराज, त्यांचे स्वतःचे माग आहेत. दादानंच आणलं. माणसं चांगली वाटतात. आबांना पसंत आहे.

आबांचे गुडघे दुखतात, बाकी ठीक.

तुझी बहीण,
तेजस्वी

•

क्यांप
२४ नोव्हेंबर २०२४

तेजे,

आगं, मागवाला? एक पळून आला आणि दुसरी तिकडंच निघाली! असू दे. यशराजला सांग, मेव्हणा बोगदा खणतोय, तुला त्रास दिला तर तिकडनं थेट कबनुरात बीळ पाडून येईल. निमुळत्या पानाचा हाय न्हवं? शालूबाईला दाखवलंस काय?

तुझं पत्र बंडूभाऊला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बरं चाललंय म्हणायचं, पण पिलं कापली का, शेवरी लावली का, ह्यातलं तिनं काहीच लिहिलं नाही. मी म्हटलं, लग्न ठरलेली पोरगी हाय, तिचं ध्यान कुठं असणार.

दिवाळीला ट्रकातनं खाली गेलतो. तुझा फोन बंद लागला, म्हणून दादाला लावला. मागं हा खडखडाट! मला वाटलं माझेच कान वाजायलेत. "कुठं हायस?" तर म्हणाला, "कबनुरात, पावण्यांच्या शेडात." केळीचं विचारलं तर "व्हय व्हय, बरं हाय सगळं," आणि ठेवलाच. त्याला माझ्याशी कधी धड बोलता आलंय? आबांना द्यायला सांगणार हुतो, तेवढ्यात कट.

एक फोटो काढून धाड. झाडाशेजारी तू उभी राहा म्हंजे उंची कळंल.

आणि आत्ताच सांगून ठेवतो. तुझ्या मांडवाच्या दाराला बांधायची केळ बाजारातनं आणायची न्हाय. आपल्यात मांडवाची केळ भाऊ आणतो. दादानं त्याच्या गाडीतनं काय बी आणू दे, पण केळ माझी. विहिरीकडची, घडासकट. खांद्यावरनं आणणार, सगळ्या पावण्यांच्या देखत. आबांना बघू दे काय उभं केलंय ते.

सम्राट

•

मळा
६ एप्रिल २०२५

प्रिय सम्राटअण्णा,

तुझं पत्र मिळालं. लग्न ८ जूनला ठरलं. तुला सुट्टी मिळणार नसेल तर ओढाताण करू नकोस. बोगद्याचं काम महत्त्वाचं आहे, हे इथं सगळ्यांना समजतं.

फोटोचं राहूनच जातंय. माझ्या फोनचा कॅमेरा बिघडला आहे.

पण तुला आनंदाची बातमी द्यायची आहे. पाडव्याला आपल्या बागेतला पहिला घड उतरवला! देवापुढं ठेवला, मग शेजारी वाटला. केळी एवढी गोड, शालूबाई म्हणाल्या अशी आम्ही खाल्ली नाही. आणि आता त्याच झाडाला दुसरा घड लागला आहे. पहिल्यापेक्षा मोठा होईल असं दिसतं. बंडूभाऊंना जरूर सांग, त्यांना किती बरं वाटेल! आता हे झाड दर वर्षी असंच देत राहील, तेव्हा तू निवांत ये. काही घाई नाही.

तुझी,
तेजस्वी

•

क्यांप
२० एप्रिल २०२५

तेजस्वी,

तुझं पत्र आलं तवा सगळे जेवत होते. मी बाकड्यावर चढून वाचलं. पहिला घड उतरवला म्हटल्यावर पोरांनी ताटं बडवली. मग पुढचं वाचलं, त्याच झाडाला दुसरा घड.

बंडूभाऊ हसला. लई हसला, डोळ्याला पाणी आलं त्याच्या. म्हणाला, "वाच भो, परत वाच." मी परत वाचलं. तवा त्याचं हसू थांबलं आणि तो माझ्या तोंडाकडं बघाय लागला. मग म्हणाला, "जेव आधी." मी म्हटलं सांग. तर तो परत म्हणाला, "जेव रे आधी."

केळीला एकदाच घड येतोय, तेजे. एका झाडाला एकच. घड उतरवला की ते झाड बुडातनं कापायचं, त्याचं काम संपलं. दुसरा घड येतो तो बुडाच्या पिलाला, पुढच्या वर्षी. ज्यानं एक घड सोताच्या हातानं उतरवलाय, त्याला हे पुस्तकात बघावं लागत न्हाय. रावेरात शाळंत न जाणाऱ्या पोराला बी ठावं असतंय.

मी भांडलो त्याच्याशी. म्हटलं, आमच्या कोल्हापूरची जात येगळी असंल. तर तो हळूच म्हणाला, "परसातल्या बेटाखाली उभं राहिलं की तसं वाटतं भो. तिथं कुणी पिलं कापत नाही, दाटी असते, कोणता घड कोणत्या खुंटाचा ते लांबून कळत नाही. वाटतं एकच झाड देतंय वर्षानुवर्षं. तुझी बहीण बेटाखाली उभी राहून लिहिते आहे."

मग मी तुझी सगळी पत्रं काढली. जुलैचं वाचलं. त्यात गोगलगाय हाय, फोड हायत, चीक हाय. त्याच्या पुढच्यात डोलत्यात आणि मन प्रसन्न होतंय. तुझं मन कधी प्रसन्न झालतं गं? तू तर "लई भारी वाटलं" म्हणतीस.

आणि प्रत्येक पत्रात येऊ नको, घाई करू नको. मी आपलं समजत हुतो, बहिणीला माझ्या नोकरीची काळजी.

विहिरीकडं काय हाय? एवढंच लिही.

सम्राट

•

मळ्यातनं
४ मे २०२५

अण्णा,

विहिरीकडं शेड आहे. मागाचं.

ऑगस्टमध्येच झालं. कबनूरचे पाहुणे पहिल्यांदा आले तेव्हा ते मला बघायच्या आधी मळा बघून आले. त्यांना माग वाढवायचे होते, जागा नव्हती. दादाला त्यांच्या धंद्यात भागी पाहिजे होती. विहिरीकडचा तुकडा रस्त्याला लागून, पाणी आहे, लाईट आहे. बोलणी आधी शेडची झाली आणि मग माझी.

आबा दोन दिवस जेवले नाहीत. दादा म्हणाला, "त्याचा कुठं पाय ठरलाय आजवर? चार महिन्यांत हे बी सोडून दुसरीकडं जाईल. त्याच्यासाठी पोरीचं स्थळ घालवताय?" आबांनी मान खाली घातली. त्यांनी हो म्हटलं नाही अण्णा, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही.

झाडं माझ्या कमरेएवढी झाली होती. जेसीबी आला. ऑपरेटर तुझ्याच वयाचा होता, त्याला पाणी मीच नेऊन दिलं. त्यानं विचारलं, "ताई, ही केळं काढून घ्यायची न्हवती का आधी?" मी रिकामा तांब्या घेऊन परतले. एका सकाळीत सगळं झालं.

दादानं मला बसवून सांगितलं, लग्नापर्यंत त्याला कळता कामा नये. तो येईल, दारात तमाशा करेल, पाहुणे उठून जातील. तू लिहीत राहा. फोनचं कार्ड बदलून दिलं, तू मला फोन करू नये म्हणून. मी पहिलं खोटं पत्र लिहिलं तेव्हा रडले. दुसरं लिहिताना नाही रडले, हे तुला सांगायलाच पाहिजे. मला ते लग्न पाहिजे होतं. यशराज चांगला आहे. त्याला ह्यातलं काही माहीत नाही, त्याला वाटतं तू खुशीनं जागा दिलीस.

बाकीचं शालूबाईंच्या न्हाणीमागं उभी राहून लिहिलं. दर खेपेला जाऊन बघून येत होते, खोटं असलं तरी खऱ्यासारखं व्हावं म्हणून.

जुलैचं पत्र खरं होतं. तो पिवळा ड्रेस अजून आहे. चीक गेला नाही.

दादा म्हणतो, सम्राट आला तर शेडमधले चार माग त्याला सांभाळायला देतो, घरचाच माणूस आहे. त्याला वाटतं ह्यात सगळं मिटलं.

तू ये. शिव्या दे, मला मार, पण ये. आपल्यात मांडवाची केळ भाऊ आणतो. दादा आणेल ती मला दाराला नको. कुठलीही आण, विकतची आण, रिकाम्या हातानं ये.

तेजा

•

क्यांप
१८ मे २०२५

तेजे,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बोगदा फुटला. पलीकडनं उजेड आला, गार वारं आलं. पोरं गुलाल न्हवता म्हणून पीठ उधळत होती. बंडूभाऊ पिठात पांढरा झालता. मला सगळे म्हणाले, "चला, तुझी गाडी सुटली कोल्हापूरला!" कारण मी वर्षभर तेच सांगत फिरलतो.

कंपनी पुढच्या डोंगराला लागलीय. मी नाव दिलंय. हेल्परचा ऑपरेटर केलाय मला. जेसीबीचा दांडा आता पूर्णवेळ माझ्याच हातात, म्हणजे दादाला परत कुणाचं काय तरी काढायचं असलं तर घरचाच माणूस हाय म्हणून सांग.

दादाचा मला राग न्हाय. त्यानं कधी माझं हाय म्हणून दाखवलंच न्हवतं, त्यामुळं त्यानं काय मोडलं न्हाय. आबांचा बी न्हाय, म्हातारा गुडघ्यातनं आधीच वाकलाय. पण तू पान उलगडताना बघाय बसलीवतीस. ते लिहिणारीच पुढचं लिहीत हुती, हे माझ्या डोक्यात शिरत न्हाय. जागा गेली तर गेली. मी त्या बागंत वर्षभर ऱ्हायलो की गं. पिलं कापली, भर घातली, वारं आलं की शेवरीची काळजी केली. तू मला शालूबाईच्या न्हाणीमागं ठेवलंवतंस आणि मला म्हाईत न्हवतं.

मांडवाच्या केळीचं म्हणशील तर लांब जाऊ नको. शालूबाईच्या बेटातली तोडून आणा, घडासकट. माझी बाग तीच हाय. वर्षभर तिथंच तर पिकत होती. आणायला मी येणार न्हाय. यशराजला काय सांगू नको, त्याचं काय चुकलंय. सुखानं नांद. हे मनापासनं लिहितोय, पण जेवढं लिहिलंय तेवढंच समज, जास्त न्हाय.

एक सांगतो, आता मला मशीनची अक्कल आलीय म्हणून. शेडसाठी जागा साफ करताना कोण खोल खणत न्हाय. बकेट वरनं फिरवतो, हिरवं गेलं की झालं. म्हंजे तुझ्या झाडांचे कंद खालीच राहिले असणार. आणि केळीचा कंद लई चिवट, बंडूभाऊ म्हणतो कोब्याच्या भेगंतनं बी वर येतोय.

लग्नादिवशी माग बंद असतील. तेवढ्या शांततेत एकदा शेडच्या कडंनं फिरून बघ, भिंतीच्या बुडाला कुठं निमुळतं पान आलंय का. आलं असलं तर असू दे, न्हाय तर उपट, तुझी मर्जी. पण मला कळवू नको.

तू लिहिलंस तरी मला ते खरं वाटायचं न्हाय.

सम्राट